काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे
मुरुमांवरच्या एका लेखात त्यांचं खापर तळलेल्या बांगड्यावर आणि न धुतलेल्या चेहऱ्यावर फोडलंय, ते पटलं नाही. वयात येताना अँड्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, तैलग्रंथी जास्त सीबम म्हणजे त्वचेचं तेल सोडतात, मृत पेशी चिकटून त्वचेच्या छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. आत जिवाणू वाढले की सूज आणि पू. काळ्या ठिपक्याचा (ब्लॅकहेडचा) रंग मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्याच रंगद्रव्याचा असतो, घासून त्वचा फक्त सोलवटते.

रत्नागिरी-मालवणच्या दमट उकाड्यात डोक्याला चोपडलेलं खोबरेल घामाबरोबर कपाळावर उतरतं, आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या उठतात. तेल न्हाण्याआधी तासभरच ठेवा.

मुरुमांवर लावायचं औषध अडापालीन ०.१ टक्के रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सगळीकडे पसरून. नुसतं फोडावर नाही. गरोदरपणात नको. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे धीर धरा. आणि कृपा करून मुलींना स्टिरॉइडवाली गोरेपणाची क्रीम देऊ नका, बंद करताच पुरळ उसळतं.