आखडू मांडीची मनधरणी

पाय सरळ ठेवून वाकायचं आणि हाताच्या बोटांनी पायाच्या बोटांना शिवायचं. सांगायला एक वाक्य. माझी बोटं मात्र नडगीच्या मध्यावर येऊन थांबतात आणि तिथून खाली परक्या मुलखाकडे बघावं तशी बघत राहतात. दोष कमरेला दिला जातो, पण बहुतेक वेळा आखडूपणा करत असते मांडीची मागची बाजू. तिथे हॅमस्ट्रिंग नावाची तीन स्नायूंची टोळी आहे. बैठकीच्या हाडापासून निघायचं, गुडघा ओलांडायचा आणि खालच्या हाडांना जाऊन चिकटायचं, हा तिचा पसारा. दिवसभर खुर्चीत गुडघे दुमडलेले, त्यामुळे तिला पुरती लांब व्हायची वेळच येत नाही.

मग माणूस हिसके देतो. खाली-वर, खाली-वर, विहिरीवरच्या रहाटासारखं. स्नायूच्या आत ताण मोजणारे पहारेकरी असतात. झटक्यात ओढलं की ते मेंदूला विचारायच्या भानगडीत पडत नाहीत, मज्जारज्जूतूनच परस्पर हुकूम सुटतो : आक्रस! आपण ‘लांब हो’ म्हणतो, तो उलट आवळतो.

दुसरी लबाडी पाठीची. पाठीला पोक काढलं की हात दोन-चार इंच सहज पुढे सरकतात, मांडी मात्र जिथल्या तिथे. म्हणून टाच बुटक्या पायरीवर ठेवावी, गुडघा किंचित सैल सोडावा आणि पाठ ताठ ठेवून खुब्यातून झुकावं. बेंबी मांडीकडे न्यायची, कपाळ गुडघ्याकडे नाही. ओढ जाणवली की थांबायचं. पायात मुंग्या किंवा झिणझिण्या आल्या तर तो स्नायू नव्हे, नस ताणली जातेय. लगेच सैल व्हावं.

आता त्याच ओढीत 30 सेकंद टिकून राहायचं. हे 30 सेकंद घड्याळातले नसतात. बारापर्यंत मोजणी इमानदारीत होते, मग आकडे उड्या मारतात आणि सतरानंतर थेट अठ्ठावीस येतो. शिवाय श्वास कोंडलेला. पण घाई इथे कामाची नाही. स्नायूभोवतीची आवरणं आणि त्याला हाडाशी बांधणारे दोर कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे. ते सावकाश, सलग ओढीला थोडे सैलावतात आणि सोडलं की बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. म्हणून एकेका पायाला दोन ते चार वेळा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. रोज केलं तर उत्तमच. सुरुवातीच्या आठवड्यांत जी प्रगती दिसते, तीही बरीचशी लांबीची नसते. मज्जासंस्था फक्त उशिरा ओरडायला शिकलेली असते. काही आठवडे खाडा केला की तेवढंही विसरते.

थंड अंगाने सुरू करू नये, आधी पाच-दहा मिनिटं भरभर चालावं. आणि धावण्या-उडी मारण्याच्या तोंडावर एकच स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरला तर जोर थोडा वेळ उणावतो. व्यायामानंतरची दुसऱ्या दिवशीची अंगदुखी याने फारशी टळत नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर शिव्या मलाच.

पोटरी तर दुहेरी. वरचा स्नायू गुडघा सरळ ठेवून ताणला जातो, खालच्यासाठी गुडघा वाकवावा लागतो. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, पाऊल नाकासमोर, टाच जमिनीला. विसाव्या सेकंदाला ती टाच अलगद वर उचलली जाते, पाऊल हळूच बाहेर वळतं, आणि आपण छताकडे बघत पुढचे आकडे मोजत राहतो.