नदीकाठी गुन्हे घडत नाहीत, हे सिद्ध करण्याची सोपी रीत

पुण्यात राहून मुठेच्या काठाने संध्याकाळी फिरण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी मनःशांती टिकवायची असेल तर एक पथ्य कसोशीने पाळावे. ज्या वाटेने आपण चालतो त्या वाटेवर गेल्या वर्षभरात काय काय घडले, हे पोलिसांना विचारू नये. विचारण्याचा अधिकार तुम्हाला नाही असे कोणीच म्हणत नाही. तो २००५ पासून माहिती अधिकाराच्या कायद्याने आहे आणि त्याची किंमतही अवघी १० रुपये आहे. परंतु अधिकार असणे निराळे आणि तो वापरून स्वतःच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाला घोर लावून घेणे निराळे.

मुळात नदी ही पोलिसांच्या कागदावर जागा नसून हद्द आहे, हे सुजाण नागरिकाने आधी समजून घ्यावे. डेक्कनच्या बाजूने झेड पुलावर चढलेला माणूस नारायण पेठेत उतरतो तेव्हा तो डेक्कन पोलीस ठाण्यातून विश्रामबाग पोलीस ठाण्यात आलेला असतो. मुळेच्या काठी तर याहून मौज आहे. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळे झाल्यापासून औंधचा काठ एका आयुक्तांचा आणि समोरचा सांगवीचा काठ दुसऱ्या आयुक्तांचा आहे. अशा स्थितीत नदीवर काय घडले हे सांगण्याची जबाबदारी कोणा एकावर टाकणे असभ्यपणाचे होईल.

तरीही तुमची जिज्ञासा अनावर झालीच, तर संकेतस्थळ पाहून ती शमवता येईल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये असा आदेश दिला की, संवेदनशील प्रकरणे वगळता प्रत्येक प्रथम खबर अहवाल (एफआयआर) नोंदवल्यापासून २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तशी सोयही आहे. जिल्हा निवडावा, पोलीस ठाणे निवडावे, तारखा भराव्यात, की अहवालांची यादी समोर येते. त्यात ‘नदीपात्र’ असा शब्द टाकून शोध घेता येत नाही, याबद्दल तक्रार करू नये; एकेक अहवाल उघडून घटनास्थळाचा रकाना स्वतः वाचण्यात जो व्यासंग घडतो, तो शोधयंत्राने घडत नाही. हा रकाना मोठा वाचनीय असतो. त्यात पोलीस ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर लिहिण्याची जागा असते, बीट क्रमांक, म्हणजे गस्तीच्या भागाचा क्रमांक असतो, आणि त्याखाली पत्ता. आता नदीपात्रातल्या झुडपांना घरक्रमांक नसतो, हा काही लिहिणाऱ्या अंमलदाराचा दोष नव्हे. ‘पश्चिमेस, १ किमी’ एवढ्यावर ज्याला समाधान मानता येत नाही, त्याने होकायंत्र आणि मोजपट्टी घेऊन ठाण्याच्या दारापासून चालत निघावे. तेवढाच व्यायाम होईल.

काठावरच्या गुन्ह्यांची संख्या कमी ठेवण्यात तुमचाही हातभार लागू शकतो. समजा, नदीपात्रातल्या रस्त्याच्या कडेला फोनवर बोलत असताना दुचाकीवरून आलेल्या दोघांनी तुमचा फोन हिसकावला. भारतीय न्याय संहितेत अशा हिसकावण्यासाठी कलम ३०४ आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण इतक्या टोकाला जायचे कशाला? हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते, तिचा दाखला मिळतो, आणि तो दाखवला की त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळते. हरवणे हा गुन्हा नसून तुमचा वेंधळेपणा आहे, आणि वेंधळेपणाचे आकडे कोणतेच आयुक्तालय वार्षिक पत्रकार परिषदेत जाहीर करत नाही. हिसकावलेला फोन ‘गहाळ’ असे लिहून देणारा नागरिक आपल्या शहराचा लौकिक किती जपतो, याची जाणीव दुर्दैवाने त्याला स्वतःलाही नसते.

पाण्यात सापडणाऱ्या मृतदेहांबाबत मात्र थट्टा आवरती घेऊन सांगतो. त्यांची नोंद आधी अकस्मात मृत्यू म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. ती प्रथम खबर नसते, त्यामुळे २४ तासांचा नियम तिला लागू होत नाही. पुढे घातपात निष्पन्न झाला तर गुन्हा दाखल होतो. नाही झाला तर त्या माणसाची नोंद ठाण्याच्या दप्तरी राहते आणि काठावरून चालणाऱ्याला तो कधी दिसत नाही.

आता अर्जाविषयी. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एकाच विषयापुरता आणि साधारणपणे १५० शब्दांत बसवावा, असा २०१२ पासून नियम आहे. विठ्ठलवाडीपासून मुंढव्यापर्यंतच्या पोलीस ठाण्यांची नावे लिहितानाच त्यातले बरेचसे शब्द संपतात, तेव्हा प्रश्न आखूड ठेवावा. ‘नदीकाठी घडलेल्या गुन्ह्यांची ठाणेनिहाय संख्या द्यावी’ असे लिहिल्यास, माहिती या स्वरूपात संकलित केलेली नाही, असे नम्र उत्तर येण्याचा संभव आहे, आणि ते उत्तर बेकायदा नाही. दप्तरात नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन जनमाहिती अधिकाऱ्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. म्हणजे कोणी मोजले नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून देता येत नाही, आणि देता येत नाही म्हणून मोजायचे कारण उरत नाही. इतके निर्दोष वर्तुळ शाळेत कंपासनेही आमच्याकडून कधी निघाले नाही.

मग सुट्या अहवालांच्या प्रती मागाव्यात का? अवश्य मागाव्यात. तपास चालू असेल तर माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ज) आड येऊ शकते. वास्तविक या कलमात तपासाला बाधा येईल अशीच माहिती रोखायची आहे, आणि कलम १० नुसार नावे झाकून उरलेला कागद देता येतो. परंतु हे बारकावे अर्जदाराने बोलून दाखवू नयेत. अर्जदार कायदा वाचून आला आहे असे दिसले की समोरच्याचा हिरमोड होतो. पहिले अपील आहे, दुसरे अपील आहे, प्रत्येकी २० रुपयांचे तिकीट आहे. दुसऱ्या अपिलाचा निर्णय किती दिवसांत द्यावा, याची मुदत कायद्यात घातलेलीच नाही, त्यामुळे ते ऐकणाऱ्या माहिती आयोगाला उशीर झाला असे म्हणण्याची सोय नाही.

अमेरिकेतल्या शिकागो शहराची मात्र कीव येते. तिथे २००१ पासूनच्या गुन्ह्यांची यादी शहराच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येते. पत्त्याचे शेवटचे दोन अंक झाकून फिर्यादीचे घर लपवले जाते, ताजे सात दिवस मागे ठेवले जातात, आणि घटनास्थळाच्या प्रकारांत ‘तलावकाठ, पाणकाठ, नदीकाठ’ असा चक्क एक प्रकारच आहे. एका रकान्यात एवढा एक पर्याय वाढवून त्या शहराने आपली केवढी बेअब्रू करून घेतली आहे! आपल्याकडे त्या रकान्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरच्या काठांचे सुशोभीकरण ४,७२७ कोटी रुपयांच्या आराखड्याने होऊ घातले आहे. त्यात सायकलमार्ग आहेत, फिरण्याच्या वाटा आहेत, उद्याने आहेत. जिथे लोकांना रात्री फिरायला बोलवायचे, तिथे आधी काय घडत होते हे विचारणे म्हणजे लग्नघरात जाऊन विहिणीला जुनी उधारी मागणे होय.

एवढे सांगूनही अर्ज करायचाच असेल, तर विषयाच्या जागी ‘नदी’ हा शब्द चुकूनही लिहू नका. कलम ६(३) नुसार तो अर्ज पाच दिवसांत जलसंपदा विभागाकडे वर्ग होण्याचा धोका आहे, आणि तिथून तुम्हाला खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे येतील, तेही मुदतीच्या आत आणि क्युसेकपर्यंत अचूक.