लाल दिव्याने आयर्विन पूल घालवला

परवा विश्रामबागेतून भाच्याचा फोन. ‘मामा, आयर्विन पूल गेला!’ मला वाटलं कृष्णेला अवेळी पूर आला. पूल जागेवरच आहे. गेल्या त्या भाच्याने पुलावर खपून काढलेल्या चार फिल्म, चार बाय पाच इंची, चारही काळ्या ठिक्कर. कारण एक मेसेज : ‘मोठी फिल्म घरीच धुवा, शून्य खर्च!’ तो मला तीन ग्रुपवरून येऊन गेलाय. तेव्हा आता बोलतोच.

‘लाल दिवा लावा, सगळं दिसत राहतं.’ हो, फिल्मलाही दिसतं! भाच्याची फिल्म होती एचपी ५ प्लस. ती पॅनक्रोमॅटिक, म्हणजे तिला लाल रंगही कळतो. इलफर्ड कंपनीच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलंय की ही फिल्म पूर्ण अंधारातच हाताळा. मग लाल दिवा आला कुठून? जुन्या स्टुडिओतून. तिथे त्या दिव्याखाली प्रिंट काढायचे, आणि ब्रोमाइड कागदाला लाल उजेड जाणवत नाही. ऑर्थो, म्हणजे लाल न कळणारी फिल्म किंवा बरीचशी एक्स-रे फिल्म मंद लाल उजेडात चालते, मान्य. पण मेसेजवाल्याने फिल्मचा प्रकार विचारलाय कुठे? अंधारात काम बोटांनी करायचं असतं. फिल्मच्या कडेला खाचा असतात. फिल्म उभी धरून त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की मसाल्याची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची बाजू तुमच्याकडे. एका बाद फिल्मवर डोळे मिटून सराव करा, दोन दिवसांत हात बसतो.

‘पीव्हीसी पाइपच्या नळीत फिल्म घाला.’ ही कल्पना चांगली आहे, नाइलाजाने कबूल करतो. पण मेसेजात पाइप एक इंची! त्याचा आतला घेर जेमतेम सव्वातीन इंच. चार इंची कड त्यात वळवली की फिल्म स्वतःवरच चढते आणि तिथे डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, पोचत नाही. दीड इंची घ्या, मसाला आतल्या बाजूला ठेवा. पातळ पांढऱ्या पाइपमधून उजेड झिरपू शकतो, म्हणून बाहेरून काळा रंग द्या. असे तुकडे आपल्याकडे शेताच्या बांधावर पडलेले असतात, शून्य खर्च म्हणायचं तर हाच.

कॉफीचा डेव्हलपर? होतो. कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. मेसेजात मात्र ‘खायचा सोडा’ आहे. तो त्या कामाला फार सौम्य पडतो, फिल्म कोरीच राहील. पाणी ‘नळाचं चालेल’ म्हणे. सांगलीत, मे महिन्यात! कंपनीने दिलेल्या फिल्म धुण्याच्या वेळा २० अंशांच्या आहेत. माठातलं पाणी घ्या, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि थर्मामीटर लावा.

आता ज्याने डोकं फिरलं ते. ‘ट्रे नको, घरची परात घ्या, धुतली की पुन्हा स्वयंपाकाला.’ आणि पोरानं घेतली! ताई ज्या परातीत भाकरीचं पीठ मळते, तीच. स्टीलला काही होत नाही, खरंय (जर्मनच्या पातेल्याला मात्र सोडा खातो). पण मी परातीची काळजी करत नाहीये, भाकरीची करतोय. बाजारच्या डेव्हलपरात बहुधा मेटॉल आणि हायड्रोक्विनोन असतं. मेटॉलने कित्येकांच्या हातांना पुरळ उठतं, म्हणून डार्करूममध्ये हातमोजे घालतात. ते परातीच्या कडेच्या घडीत राहिलं तर? आणि वर ‘उरलेलं हायपो तुळशीला घाला, खत होतं’! हायपो म्हणजे डेव्हलपरनंतर फिल्म पक्की करायचं रसायन. ताजं हायपो मासे पाळणारे पाण्यातलं क्लोरीन घालवायला वापरतात, त्यावरून कुणीतरी ही उडी मारली असावी. वापरलेल्या हायपोत फिल्ममधून सुटलेली चांदी असते. तिच्यासाठीच ते विकतही घेतलं जातं. तुळशीला चांदी नको असते. कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढणाऱ्याला द्या.

परात मी माझ्याकडे आणलीय, तिच्यावर मार्करने ‘हायपो’ लिहिलंय. ताईला नवी घेऊन द्यायची आहे. शून्य खर्चाच्या प्रयोगातला हा पहिला खर्च, आणि तो भाच्याच्या खिशातून.