खुलासा : कृत्रिम सांधा दहा वर्षांतच निकामी होतो का?

‘बदललेला गुडघा किंवा खुबा जेमतेम १० वर्षे टिकतो, म्हणून अगदी चालता येईनासे होईपर्यंत थांबा, आणि बसवायचाच तर सर्वांत नवे मॉडेल मागा,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यातली एकही गोष्ट बरोबर नाही.

ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधील सांधेबदल शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. शिवाय हे सांधे जुन्या पिढीचे. पूर्वी प्लॅस्टिकच्या अस्तराचे बारीक कण झडत, त्यांच्यामुळे आजूबाजूचे हाड झिजे आणि सांधा सैल पडे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन या कमी झिजणाऱ्या प्लॅस्टिकमुळे खुब्यातली ही झीज बरीच घटली.

थांबण्याच्या सल्ल्यामागचा वयाचा मुद्दा मात्र खरा आहे. पन्नाशीत शस्त्रक्रिया झाली, तर पुढे पुन्हा करावी लागण्याची शक्यता सत्तरीतल्या रुग्णापेक्षा बरीच जास्त असते. पण म्हणून वेदना सोसत बसून राहिल्यास स्नायू दुबळे होतात, सांधा आखडतो आणि शस्त्रक्रियेनंतरही हालचाल अपुरी राहू शकते. ही हानी संदेश पाठवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, याचे फार वाईट वाटते.

राहिले नवे मॉडेल. धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुबाही नवा म्हणूनच आला होता. २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवावा लागला. डॉक्टरांना विचारायचेच, तर त्या सांध्याच्या दीर्घकालीन नोंदी विचारा.