असल्या रसिकाला नाटकाला नेऊ नये

बालगंधर्वला कुणाच्या हातात वेफर्सची पिशवी वाजली तरी मागे वळून डोळे वटारणारा हा माणूस. लंडनला आला आणि म्हणाला, "ते टुरिस्ट लोकांचं म्युझिकल वगैरे नको रे, काहीतरी अस्सल दाखव." दाखवलं! पोलिश नाटककार म्रोझेकचं 'एमिग्रान्त्सी', म्हणजे देश सोडून गेलेले लोक, मूळ पोलिशमध्ये, वर पडद्यावर इंग्रजी ओळी. इथे पोलिश मंडळी भरपूर, हॉल गच्च भरलेला. सगळे चिडीचूप. फक्त आमचे साहेब सुरू.

"सेट कुठाय?" अरे, तळघर आहे ते! परक्या देशात मजुरी करणारा एक आणि राजकारणापायी देश सोडलेला एक विचारवंत, दोघं एका खोलीत, थर्टीफर्स्टची रात्र. झुंबर लावायचं का तिथे? "नावं काय यांची?" नावं नाहीत, एए आणि एक्सएक्स. "असं कसं?" असंच! म्रोझेकने स्वतः १९६३ मध्ये पोलंड सोडलं, १९६८ ला चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाचा जाहीर निषेध केला आणि मायदेशात त्याच्यावर बंदी आली. हे सगळं तिकिटं काढतानाच सांगितलं होतं. तेव्हा "हो हो, माहितीय" म्हणाला होता. काय डोंबल माहिती होतं!

वर लिहिलेलं वाचायचं नाही आणि माझ्या कानात "काय म्हणाला? काय म्हणाला?" अरे, डोळे आहेत ना तुला? मग मोबाईल काढला, ब्राइटनेस फुल्ल, आणि गोष्ट शोधत बसला. पुढच्या आजीबाईंनी वळून असं काही बघितलं की मीच खुर्चीत खाली सरकलो. हा त्यांच्याकडे बघून हसला!

आणि कळस म्हणजे शेवट. तो मजूर पै-पै साठवून खेळण्यातल्या कुत्र्याच्या पोटात पैसे लपवतो. कधीतरी घरी परत जायचं, या एका आशेवर. त्याच नोटा तो स्वतःच्या हाताने टराटरा फाडतो. माझ्या घशात आवंढा, आणि शेजारून आवाज, "खऱ्या आहेत का रे?"

बाहेर पडल्यावर म्हणतो, "चांगलं होतं, पण जरा स्लो."

रात्री कॉलेजच्या ग्रुपवर थिएटरच्या दारातला सेल्फी: 'पोलिश रंगभूमीचा विलक्षण अनुभव!' खाली अंगठ्यांचा पाऊस. आता उन्हाळ्यात आणखी दोघं येणार आहेत आणि त्यांनाही 'असलंच काहीतरी हटके' बघायचंय. खुशाल बघा. तिकिटं तुमची तुम्ही काढा, मी घरी झोपणार आहे.