दुकानातली माणसं कुठे मेली?

“सुपरमार्केटमधली पोरं रोज हजार-हजार गिऱ्हाइकं बघतात. भाजीवाला, किराणावाला दिवसभर नोटा मोजतो. यातला एक तरी मेलेला पाहिलात? मग कोरोना होता कुठे? विचार करा आणि पुढे पाठवा.”

हा मेसेज २०२० च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आला होता. परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच पुन्हा आला, शेवटी हात जोडलेले. खाली अकरा जणांनी अंगठे दिले, एका काकांनी “शंभर टक्के सत्य” लिहिलं. मी त्या काळात ठाण्यातल्या एका सुपरमार्केटात बिलिंगवर सुपरवायझर होते. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच चाललं होतं. ग्रुपवर भांडण नको म्हणून तिथे गप्प बसले, इथे लिहिते.

मेसेजमधली हातचलाखी एका शब्दात आहे: “मेलेला”. लागण किती जणांना झाली हे विचारायचं सोडून प्रेत दाखवा म्हणायचं, आणि प्रेत दिसलं नाही की रोगच नव्हता असं ठरवायचं. आमच्या दुकानात साठेक माणसं होती. बहुतेक विशी-तिशीतली, कारण बारा तास उभं राहून माल लावायला कुणी साठीचा माणूस ठेवत नाही. लस येण्याआधीच्या काळातले, श्रीमंत देशांतले आकडे एकत्र करून संशोधकांनी वयानुसार धोका काढला आहे. पंचविशीतल्या दहा हजार बाधितांमागे साधारण एक मृत्यू. पंचावन्नाव्या वर्षी अडीचशे बाधितांमागे एक. पंच्याहत्तरीत वीस-बावीस जणांमागे एक. आता हिशेब करा. आमचं दुकान अख्खं बाधित झालं असतं, साठच्या साठ, आणि अशी दीडशेच्या वर दुकानं झाली असती, तर कुठे एक कर्मचारी दगावला असता. तुमच्या नाक्यावरच्या दुकानात कुणी मेलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे कुणी मरणार नव्हतंच.

मरणार होतं ते त्याच कर्मचाऱ्यांच्या घरी. आमच्या चार नंबरच्या काउंटरवर एक मुलगी होती, सव्वीस वर्षांची. तिला दोन दिवस अंग दुखलं, वास गेला, आठवड्याने ती बरी झाली. वडील अडुसष्ट वर्षांचे, मधुमेह. ते बाराव्या दिवशी गेले. लागण तिच्याकडूनच झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तीही सांगू शकत नाही. पण दुकानाच्या हजेरीपटात तो मृत्यू कुठेच नाही, आणि मेसेज लिहिणारा बघतो तो हजेरीपटच.

लागणीचं काय? अमेरिकेत बॉस्टनमध्ये मे २०२० मध्ये एका किराणा सुपरमार्केटातल्या १०४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. लक्षणं असोत-नसोत, स्वॅब सगळ्यांचा. २१ जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे पाचांत एक. त्या सुमारास आसपासच्या वस्तीत हेच प्रमाण शंभरात एकाच्या आगेमागे होतं. आणि या २१ पैकी १६ जणांना काहीही होत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, दिवसभर हसत माल लावत होते. त्या आठवड्यात तिथे दूध आणायला गेलेला माणूस घरी येऊन हेच म्हणाला असता, की अरे, सगळे ठणठणीत आहेत!

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही: ही पोरं झोपडपट्टीत, चाळीत राहतात, त्यांना लागण घरी झाली, दुकानाचा काय दोष? घराचा वाटा मोठा होता हे खरं. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. आमची निम्मी पोरं अशाच वस्त्यांतून यायची. म्हणूनच बॉस्टनच्या पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे दुकानातल्याच माणसांची आपसात तुलना केली. गिऱ्हाइकांशी थेट संबंध येणारे आणि न येणारे. पॉझिटिव्ह आलेल्यांत दहापैकी नऊ जण गिऱ्हाइकांसमोरचे होते, निगेटिव्ह आलेल्यांत दहापैकी सहा. बाकीचे फरक हिशेबात धरूनही गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहणाऱ्यांची पॉझिटिव्ह असण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. सगळं घरीच घडत असतं तर काउंटर आणि मागची खोली यांत एवढी तफावत पडली नसती.

ही एका दुकानाची, एका वेळची, छोटी पाहणी आहे, त्यामुळे “पाचपट” हा आकडा कुणी पाठ करून जगभर लावू नये. नॉर्वेत सगळ्या देशाच्या नोंदी व्यवसायानुसार तपासल्या. तिथे पहिल्या लाटेत डॉक्टर, नर्स, बस-टॅक्सीचालक आणि दुसऱ्या लाटेत बारमधले नि हॉटेलातले वेटर वरच्या रांगेत आले, दुकानातले विक्रेते त्या रांगेत नव्हते. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालयाने २० एप्रिल २०२० पर्यंत नोंदलेले मृत्यू बघितले. वीस ते चौसष्ट वयाच्या पुरुषांत लाखामागे ९.९, दुकानांतल्या पुरुष विक्रेत्यांत १९.८. दुप्पट. त्यात वंश, वस्ती, गरिबी यांचा वाटा वेगळा काढलेला नव्हता आणि नोकरीमुळेच हे झालं असं त्यांनीही म्हटलं नाही. मतभेद आहेत ते धोका किती आणि कुठे वाढला यावर. “एकही मेला नाही” या वाक्याला मात्र यातल्या कुठल्याच कागदाचा आधार नाही.

“दोन मिनिटांत बिल होतं, तेवढ्यात काय लागतंय” हे आमचे मॅनेजरसुद्धा म्हणायचे. नियमही तसाच होता: सहा फुटांच्या आत सलग पंधरा मिनिटं, तर जवळचा संपर्क. गिऱ्हाइकासाठी दोन मिनिटं ती दोनच मिनिटं. कॅशियरसाठी दोन मिनिटं गुणिले दोनशे गिऱ्हाइकं. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या एका तुरुंगात जुलै २०२० मध्ये विशीतला एक कर्मचारी बाधित झाला. कॅमेऱ्याचं चित्रीकरण काढून बघितलं तर तो सहा बाधित कैद्यांजवळ बावीस वेळा जेमतेम थांबला होता, एकूण सतरा मिनिटं. त्यानंतर त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑक्टोबरमध्ये व्याख्या बदलली: सलग नव्हे, चोवीस तासांतली मिळून पंधरा मिनिटं. आमच्याकडे हा बदल कुणी कॅशियरला सांगितला असेल असं मला वाटत नाही.

आणि त्या दोन मिनिटांत नक्की काय व्हायचं ते सांगते. आम्ही काउंटरवर जाड प्लास्टिकचा पडदा टांगला होता. स्क्रीनवरचा आकडा दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक पडद्याच्या बाजूने मान आत घालायचं. बोलायचं असलं की मास्क खाली. नुसतं रांगेत उभं असताना मास्क नाकावर, आणि “ताई, याच्यावर ऑफर होती ना?” विचारताना हनुवटीवर! नेमक्या बोलण्याच्या वेळी. जमिनीवर रंगवलेले गोल पहिल्या पंधरा दिवसांत ट्रॉल्यांनी पुसले गेले.

पण काउंटरपेक्षा मला भीती वाटायची ती जेवायच्या खोलीची. गोडाऊनवरचा पोटमाळा, खिडकी नाही, एक टेबलफॅन. शिफ्टच्या अर्ध्या तासात सहा-सात जण मास्क काढून डबे उघडायचे, भाजी एकमेकांना वाढायचे. वर एजन्सीच्या पोरांना रोजंदारी. चौदा दिवस घरी बसलं की चौदा दिवसांचा पगार गेला. त्यामुळे ताप आला तर सकाळी गोळी घ्यायची आणि थर्मल गनसमोर कपाळ पुढे करायचं. “आमच्या इथे तर कुणी आजारी पडलं नाही” असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भागही बघावा. जे पडले ते सांगत नव्हते, आणि जे खरोखर झोपले त्यांच्या जागी एजन्सी दुसऱ्या दिवशी नवं पोरगं पाठवत होती. अंगात तोच टी-शर्ट, तोंडावर तोच मास्क. गिऱ्हाइकाला फरक काय कळणार?

भाजीवाल्यांचा दाखला तर मेसेजवाल्याने द्यायलाच नको होता. ११ मे २०२० ला वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं ते तिथल्या वाढत्या रुग्णांमुळेच. मुंबईची भाजी तिथून येते, ते सहजासहजी कुणी बंद करत नाही. चेन्नईचा कोयंबेडू बाजार ५ मेपासून बंद झाला. त्या एका बाजाराशी जोडलेले रुग्ण महिन्याच्या मध्यापर्यंत दोन हजारांच्या वर गेले होते. अहमदाबादेत ७ ते १५ मे दूध आणि औषधं सोडून सगळी दुकानं बंद केली आणि भाजीवाले, किराणावाले, दूधवाले यांची तपासणी लावली, तर तीनशेहून जास्त पॉझिटिव्ह सापडले. सरकारी भाषेत त्यांना “सुपरस्प्रेडर” म्हटलं गेलं. हा शब्द मला तेव्हाही खटकला होता. भाजीवाल्याला लागण कुणीतरी आधी दिलेली असते. त्याचं नाव कुठल्या यादीत येत नाही.

“रोज संपर्क येऊन यांची प्रतिकारशक्ती वाढली” हे उरलं. थोडे-थोडे विषाणू खाऊन माणूस टणक होतो हा पैलवानी सिद्धांत आहे. लागण होऊन गेल्यावर काही काळ संरक्षण मिळतं, हे बरोबर. पण त्यासाठी आधी लागण व्हावी लागते, आणि ती झालीच नाही असंच तर मेसेज म्हणतोय.

धोका होता हे ज्यांना मान्य होतं त्यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने पंच्याहत्तरीच्या वरच्या वृद्धांबरोबर ज्यांना पुढच्या टप्प्यात घेतलं, त्यांत किराणा दुकानांतले कर्मचारी होते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलीस, सफाई कामगार यांना लस सुरू झाली. दुकानातले त्या यादीत नव्हते. एप्रिलमध्ये दुसरी लाट भरात असताना महाराष्ट्रात किराणा सकाळी सात ते अकरा एवढाच उघडा ठेवायचा आदेश निघाला. दिवसभराची गर्दी चार तासांत आली. रांग पार्किंगमधून रस्त्यापर्यंत, आत प्रत्येक काउंटरवर दोन पोरं. अठराच्या वरच्यांना लस १ मेपासून खुली झाली, आणि ॲपवर स्लॉट मिळवून आमच्या चार नंबरच्या मुलीला पहिला डोस मिळाला तो जूनच्या अखेरीस, सुट्टी टाकून, बिनपगारी.