नर्सिंग, मिरज आणि दहा हजारांचा पगार

दादा, नर्सिंगला मागणी आहे असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबणारी आहे, पण रास्त आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : “मागणी मागणी करून मुलींना भुलवू नका. माझी बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन मिरजेत दहा हजारांवर नाईट काढते.”

पगाराबद्दल वाद नाही. पण पगार कमी म्हणून गरज कमी, हे मला पटत नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स हवी असा निकष आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी रात्री अख्खा वॉर्ड एक सिस्टर आणि दोन मावशींवर चालतो. न भरलेल्या जागांचे पगार मालकाच्या खिशात राहतात, आणि तुमची बहीण तिघींचं काम करते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही किमान २० हजार पगार सुचवला होता. शिफारस कागदावर राहिली, हा राग माझाही आहे.

गरज मात्र वाढतेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२३ मध्ये जगात सुमारे ५८ लाख नर्स कमी होत्या. तेवढं लांब कशाला, विट्याकडं या. गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, पोरं देशभर पांगलेली, घरी म्हातारा-म्हातारी. एकाला साखर, दुसऱ्याला अर्धांगवायू. नळी बदलायला, बेडसोअरचं (पडून पडून झालेल्या जखमांचं) ड्रेसिंग करायला माणूस मिळत नाही. (गंमत बघा, आमची पोरं सोनं गाळायला केरळात आणि तिथल्या मुली नर्स म्हणून जगभर.) मिरजेला तर १८९४ पासून, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून, पेशंट येतात, आजही बेळगाव-विजापूरकडची गर्दी असतेच.

नर्सिंगपेक्षा डीफार्म (औषधांचा डिप्लोमा) बरं, असंही तुम्ही लिहिलंय. गल्लीगल्लीत मेडिकल झालीत, त्यावर जास्त बोलत नाही.

बहिणीला सांगा, जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी, करता येतं. सरकारी स्टाफ नर्सच्या जाहिरातींवर लक्ष ठेवू दे. जर्मनीचा विचार असेल तर जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे कामावर नीट बोलता येईल इतकी, शिकावी लागते. तेवढा वेळ धरूनच निघावं. आणि आत्ताच्या हॉस्पिटलनं मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली असतील तर ती आधी लेखी अर्ज देऊन परत मागा, पोच घ्या. नव्या ठिकाणी झेरॉक्सच द्यायची.